हेमलकशात जीप कशी बांधावी

प्लॅस्टिकचं लष्करी वाहन जोडून रंगवण्याची विद्या शिकवणारी पुस्तकं बहुधा वातानुकूलित खोलीत बसून लिहिली जातात. त्यांत एअरब्रश असतो, कॉम्प्रेसर असतो, रंगाच्या वाफा बाहेर फेकणारा पंखा असतो, आणि आज मागवलेली बाटली उद्या दारात येते. गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात, हेमलकशात बसलेल्या साधकाने काय करावं, याबद्दल हे ग्रंथ मूग गिळून बसतात. ती उणीव आम्ही इथे भरून काढत आहोत.

आधी वाहन ठरवा. रणगाडा नको. साखळपट्ट्याची एकेक कडी जोडता जोडता डोळ्यांना चष्मा लागतो. वर खरा रणगाडा नीट निरखायचा तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठावं लागतं. ते 1994 साली सुरू झालं आहे आणि राज्याच्या पार दुसऱ्या अंगाला आहे. भूसुरुंगाला तोंड देणाऱ्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पोटाच्या गाड्या गडचिरोलीकरांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांचं खेळणं करायला हात धजत नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू. उरते जीप. महिंद्राने 1947 साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. तेव्हापासून लष्कर, वनखातं, तहसीलदार आणि निवडणुकीच्या पेट्या, सगळी सरकारी सत्ता रानात शिरली ती जीपमध्ये बसूनच.

माप 1:35 घ्या. साडेतीन मीटरच्या आतली जीप या मापात साडेनऊ सेंटिमीटरची होते. या मापाचं पावित्र्य राखण्यासाठी जगभरचे छांदिष्ट हमरीतुमरीवर येतात. खरी गोष्ट अशी की 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला आणि आत बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठेवला. मागाहून मोजलं तर तो मूळ रणगाड्याचा सुमारे पस्तिसावा हिस्सा भरला. शास्त्र म्हणतात ते हेच.

मॉडेलचा डबा मागवण्याचा मुहूर्त दिवाळीनंतरचा. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 साली सुरू झाला तेव्हा पावसाळ्यात महिनोन्‌महिने बाहेरच्या जगाशी संपर्क नसे. आता रस्ता आहे, पूल आहे, मोबाइलही आहे. पण पर्लकोटा नदी फुगली की ती अजूनही भामरागडच्या बाजारपेठेत शिरते, आणि कुरियरवाला तुम्हाला फोन करून आलापल्लीला बोलावतो. जाल तेव्हा रंगही तिकडूनच आणा. भद्रावतीला आयुध निर्माणी आहे, तिथे ऑलिव्ह रंगाची डबी सहज मिळेल, अशा भ्रमात राहू नका. तिथे दारूगोळा बनतो.

डबा उघडल्यावर प्रथम जाळीच्या फटी मोजा. युद्धकाळातल्या जीपच्या तोंडाला 9 उभ्या फटी, युद्धानंतरच्या नागरी जीपला 7. एवढं पाठ असलं की उरलेलं आयुष्य तज्ज्ञ म्हणून काढता येतं.

जोडणीला फेविकॉल चालत नाही. मॉडेलचं पातळ सिमेंट प्लॅस्टिकला चिकटत नाही, ते प्लॅस्टिकच विरघळवतं. दोन तुकडे कोरडेच एकमेकांना भिडवून धरा आणि सिमेंटची कुंचली फटीच्या एका टोकाला नुसती टेकवा. थेंब आपण होऊन फटीतून सर्रकन पुढे धावतो. मग हलका दाब द्या. सांध्यावर वितळलेल्या प्लॅस्टिकची केसाएवढी कड वर येते. ती वाळली की पॉलिश पेपरने घासून टाका. या वेळी खिडकी उघडी ठेवा. वासाने मॉडेलच्या आधी कारागीर झिंगतो.

रंग कुंचल्यानेच द्या. कॉम्प्रेसरला वीज लागते आणि विजेला लहर लागते. रंग ताकाइतका पातळ करा आणि दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. सुटे भाग टोचून धरायला पुस्तकवाले खास काड्या विकत घ्यायला सांगतात. बांबूच्या जिल्ह्यात हा सल्ला वाचून हसावं आणि सुरी घ्यावी. पावसाळ्यात संध्याकाळी दिव्याखाली मात्र रंगवू नये. पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते, ओल्या बॉनेटवर उतरते, पंख तिथेच टाकते आणि चालू लागते. मॅट वार्निशही याच दिवसांत दगा देतं. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरी साय धरते आणि जीप काश्मीरहून आल्यासारखी दिसते. वार्निश दसऱ्यानंतर.

आता या विद्येचा गाभा: चिखल. परदेशी छांदिष्ट चिखल बाटलीतून विकत घेतात. कोरडा वेगळा, ओला वेगळा, चाकावरून उडालेला आणखी वेगळा. हेमलकशाच्या माणसाला या खर्चाची गंमत वाटणारच. तो चप्पल झटकून उगवता कारागीर व्हायला निघेल, पण थांबा. खरा चिखल चालत नाही! 1:35 मापात एक मिलिमीटरचा खडा साडेतीन सेंटिमीटरचा धोंडा होतो. अंगणातली माती फासलीत तर जीपवर दरड कोसळलेली दिसेल. माती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करावी लागते. त्याहून उत्तम म्हणजे पूर ओसरल्यावर राहिलेला गाळ. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या भामरागडजवळ एकत्र येतात. त्यांनी दळून दिलेल्या पिठाच्या तोडीचं पीठ कुठल्याही कंपनीकडे नाही. भामरागडचे दुकानदार बिचारे हा गाळ फावड्याने बाहेर ओढत असतात. त्यांच्याकडे चिमूटभर गाळ मॉडेलसाठी मागताना तोंड सांभाळून बोलावं.

डब्यातले अमेरिकी पांढरे तारे बाजूला ठेवा. आपल्या लष्कराच्या नंबरपाटीवर आधी वर टोक केलेला बाण येतो, मग वर्षाचे आकडे. तो बाण स्वतः काढा, श्वास रोखून. स्टीअरिंग डावीकडे आहे म्हणून घाबरू नका. आपल्याकडच्या जुन्या जीपाही तशाच होत्या आणि पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं लिहून हिंडत. तेही लिहा.

शेवटी परीक्षण. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात परीक्षक भिंग घेऊन सांधे तपासतात. इथे पोरं येतील, जीप सगळीकडून न्याहाळतील आणि एकच प्रश्न विचारतील: “काका, सीट किती बसते हिच्यात?” चार म्हणालात तर संपलात. ज्यांनी काळी-पिवळी टॅक्सीने आलापल्ली गाठलं आहे त्यांना चार सीटची जीप बिघडलेली वाटते. तेव्हा प्रदर्शनाला मोकळी जीप पाठवा, पण घरी ठेवायची असेल तर मागे निदान आठ माणसं, टपावर सायकल आणि कोणाच्या तरी मांडीवर कोंबडी हवी. कोंबडी या मापात जेमतेम एक सेंटिमीटरची होते. ती एम-सीलची वळावी. एम-सील कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, त्यासाठी आलापल्ली गाठायची गरज नाही.