बोटातली राणी

नांदगावात वाढलेल्या माणसाला नाणं ठोकण्याचं वावडं नसतं. लहानपणी आम्ही दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं रुळावर ठेवायचो आणि पंजाब मेल त्याचा पापड लाटून चाळीसगावकडे निघून जायची. त्या पापडाचा हिशेब वडील घरी पाठीवर चुकता करायचे. साठीनंतर तोच रोग उलटला. फरक इतकाच, की आता नाणं चांदीचं आणि इंजिन मी.

चांदीच्या रुपयाची अंगठी करायची ठरवलं. ऐकायला काम सोपं आहे. रुपयाला मधोमध भोक पाडायचं, निमुळत्या लोखंडी सळईवर तो चढवायचा आणि हळूहळू ठोकत कडा खाली वळवत न्यायच्या. पण चांदी ठोकली की आडमुठी होते. तिला अधूनमधून गुलाबीसर तापवून पाण्यात बुडवावं लागतं, मग पुन्हा ऐकते. हे मला पहिला रुपया फुटल्यावर कळलं. तुकडे घेऊन सोनाराकडे गेलो. तो हसला. "काका, हा 1945 चा. 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच. बाकी तांबं, निकेल, जस्त. राणीछाप आणा." महायुद्धाच्या तंगीत इंग्रजानं केलेली काटकसर ऐंशी वर्षांनी माझ्या अंगठ्यावर निघाली. हातोडी शेवटी तिथंच बसली होती.

राणीछाप म्हणजे बरोबर तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा, बारा भागांतले अकरा भाग चांदी. घरात असे दोन होते, पण देव्हाऱ्यात. दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागलेले. मागितले तेव्हा हिनं माझ्याकडे घरफोड्याकडे बघावं तसं बघितलं. मी इतिहास काढला.

"अगं, आपल्या जिल्ह्याची परंपराच आहे ही. 1906 साली जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप ठोकलेला!"

"त्यानं आधी नहपानाला हरवलं होतं," ही म्हणाली. "तुम्ही कुणाला हरवलंत?"

गुपचूप सोनाराकडूनच एक रुपया विकत घेतला. त्यावर साल 1862. पण या सालावर विसंबू नये. 1874 पर्यंत टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयांवर 1862 च असायचं. वय चोरण्यात राणी कुणाला हार जाणारी नव्हती. ऐरण म्हणून रुळाचा वीतभर तुकडा भंगारवाल्याकडून आणला, पावतीसकट. रेल्वेच्या गावात पावतीचं आवर्जून सांगावं लागतं.

लेथवाल्यानं भोक पाडलं. मधली टिकली निघाली आणि तिच्याबरोबर राणीचा चेहराही. मागच्या बाजूनं 'वन रुपी' गेलं, साल गेलं, उरली नुसती वेलबुट्टी. मग तीन संध्याकाळ ठोकाठोक. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारलं, "भाऊजी, तांबटाचं दुकान काढलं का?"

अंगठी मात्र झाली. चक्क गोल झाली. लिंबू-मिठानं घासल्यावर बाहेरून ठळक अक्षरं उमटली: व्हिक्टोरिया क्वीन. मी बोट पुढं केलं. हिनं चष्मा लावून अंगठी फिरवत फिरवत सगळं वाचलं.

"लग्नात माझं नाव घ्यायला लाजलात. उखाणा तुमच्या मावशीनं कानात सांगितला तेव्हा कुठं तोंड उघडलं. आणि ही कोण व्हिक्टोरिया, जिचं नाव बोटात घालून पेठेत हिंडणार?"

"पुढच्या वेळी रुपया उलटा वळवतो. नाव आतल्या बाजूला जाईल."

"म्हणजे लपवून?"

यावर नहपानालाही उत्तर सुचलं नसतं. रात्री जेवताना ही जरा निवळली. "एवढं येतंच आहे, तर जोडवी करून दाखवा," म्हणाली. एका रुपयात एकच जोडवं होतं, जोडीला दोन राण्या लागतात, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.

मधली टिकली मी सोनाराला वजनावर देणार होतो. सकाळी शोधली तर सापडेना. देव्हाऱ्यात त्या दोन रुपयांच्या शेजारी बसली होती, हळदकुंकू लावून. सध्या राणीचा चेहरा हिच्या ताब्यात आहे आणि नाव माझ्या बोटात.