तीनशे वॅटचे भाऊ

१ मे २०१७ रोजी देशभरातल्या मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा उतरला, तेव्हा आमच्या उल्हासनगरातल्या कॅम्प चारमधले भाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यांच्या गाडीवर लाल दिवा कधीच नव्हता, हा भाग वेगळा. आशा होती. शिवाय डोक्यावर रिकामी जागा सोडणं उल्हासनगरकराच्या रक्तात नाही. इथे गच्ची मोकळी राहत नाही, तिथे गाडीचा टप कसा राहील? भाऊंनी ऑफरोडवाली चार-बाय-चार घेतली आणि टपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एलईडीचा बार चढवला.

गाडी ऑफरोड आहे म्हणजे ती डोंगरात जाते, असा गैरसमज नको. ती लालचक्कीहून निघते आणि व्हीनस चौकात अडकते. मलंगगड तिने काचेतून पाहिलाय. मात्र भाऊंचा युक्तिवाद बिनतोड आहे. ऑफरोड म्हणजे जिथे रस्ता नाही तिथे चालणारी गाडी ना? मग जुलै महिन्यात कॅम्प चारमध्ये ती आणखी कुठे न्यायची!

बार निवडताना भाऊंनी एकच प्रश्न विचारला, "सगळ्यात मोठा कुठला?" दुकानदारही मुरलेला. "साईं, तीनशे वॅट. समोरचा दिसला पाहिजे." समोरच्याला दिसलं पाहिजे की नाही, याची चौकशी दोघांनीही केली नाही. झोत लांब फेकणारा स्पॉट हवा, जवळ पसरणारा फ्लड हवा की दोन्हींचा कॉम्बो, असं दुकानातल्या पोऱ्याने विचारलं, तर भाऊ म्हणाले, "तिन्ही टाक." खोक्यावर ल्युमेनचा आकडा इतका मोठा होता की तो खरा असता, तर अंबरनाथच्या शिवमंदिराची सावली बदलापुरात पडली असती. खोक्यावरचे वॅट आणि बॅटरीतून खरोखर ओढले जाणारे वॅट यांची पुष्कळदा तोंडओळखही नसते. अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर वायरला लावला की खरंखोटं कळतं. पण तो लावायचा कोणी? पाहुण्याला ताटावर बसवून त्याचा पगार विचारण्यासारखं ते.

खोक्यावर 'आयपी ६७' असंही होतं. म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास दिवा टिकतो. ज्याने ही परीक्षा ठरवली, त्याने आमची वालधुनी नदी पाहिलेली नसावी. २०१९च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान आख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. आपल्याकडचं पाणी अर्ध्या तासात उठून जाणाऱ्यांतलं नाही.

आता वायरिंग. मिस्त्री मराठा सेक्शनमधला, कमी बोलणारा. त्याने साधा हिशेब मांडला. तीनशे भागिले बारा, पंचवीस अँपिअर. कंपनीचे दोन्ही हॅलोजन हेडलाइट मिळून एकशेदहा वॅटचे, दहा अँपिअरच्या आतले. म्हणजे हेडलाइटच्या वायरला जोड मारून चालणार नाही. बॅटरीवरून वेगळी जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, मध्ये रिले. रिलेच्या तीस नंबरला बॅटरी, सत्याऐंशीला बार, शहाऐंशीला डॅशबोर्डवरचं बटण, पंच्याऐंशीला अर्थ. बटणाच्या बारीक वायरीतून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो, खरा भार जाड वायर उचलते. बॉनेटखालून वायर आत घ्यायची तिथे पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट, नाहीतर पत्र्याची धार महिन्याभरात वायर सोलते.

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाड वायरीचे किती जास्त?"

आकडा ऐकून भाऊंना काटकसर आठवली. बारवर हजारो घालवलेल्या माणसाला वायरीवरचे काहीशे जड झाले. मिस्त्री 'मग मी नाही करत' म्हणून उठला. भाऊंच्या पुतण्याने रात्री यूट्यूब पाहून हेडलाइटच्या वायरीलाच दोन टाके मारले आणि वर काळी टेप गुंडाळली. बटण दाबलं, लख्ख उजेड पडला, आणि फ्यूज उडाला. पुतण्याने तीस अँपिअरचा घातला. आता फ्यूज उडेना. फ्यूज वायर वाचवायला असतो, त्याला वायरीपेक्षा दांडगा केला की जळायची पाळी वायरीवर येते, हे यूट्यूबवाला सांगायला विसरला असावा. नेताजी चौकाच्या अलीकडे डॅशबोर्डखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. भाऊंना वाटलं, बाहेर कोणीतरी कचरा पेटवलाय. उल्हासनगरात हा अंदाज सहसा चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच बोलावला गेला. त्याने जळकी वायर कापून भाऊंच्या हातात दिली. वरचं आवरण वितळून तांबं उघडं पडलेलं, टेपचा चिकटा गोळा झालेला. या खेपेला जाड वायरीचा भाव कोणी विचारला नाही.

त्यानंतर भाऊ माळशेजला गेले. धुक्यात बार लावला आणि समोर पांढरीशुभ्र भिंत उभी राहिली, वरून बॉनेटची चकाकी डोळ्यांत. धुक्यात उजेड उंचावरून पाडला तर थेंबांवर आपटून परत आपल्याच तोंडावर येतो. तिथे बंपरखाली बसवलेले, रुंद पसरणारे, साधे पिवळे फॉगलॅम्प कामाला येतात. पण खाली बसवलेला दिवा फ्लेक्सवरच्या फोटोत दिसत नाही, ही त्यातली मोठी उणीव.

समोरून येताना डोळे दिपतात ही रिक्षावाल्यांची तक्रार आहे, ती सोडून द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १०६वा नियम म्हणतो की दिव्यापासून आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. भाऊंचं म्हणणं, कॅम्प चारमध्ये गाडीपुढे आठ मीटर मोकळी जागा दाखवा, मी बार काढतो. १११वा नियम आणखी कडक. गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायचाच नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर आरटीओची आधी परवानगी घ्यायची. आमच्या रस्त्यांइतकी अपवादात्मक परिस्थिती कल्याणच्या आरटीओला दुसरीकडे कुठे सापडेल, हा भाऊंचा सवाल मात्र मलाही निरुत्तर करून गेला.

"आणि पकडलंच कोणी," भाऊ म्हणाले, "तर दंड भरू, नियमित करून घेऊ."

भाऊ, तो कायदा इमारतींचा. उल्हासनगरची अनधिकृत बांधकामं नियमित करायला २००६ साली खास कायदा झाला, गाडीच्या टपासाठी झालेला नाही. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-अ लागतं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि दंड गाडीमागे नाही, बदलामागे. टपावरचा बार एक, बंपरपुढचा लोखंडी गार्ड दुसरा.