घरात वीट भिजवण्याआधी

साहित्य : कोकोपीटची ५ किलोची वीट एक, आठ इंची कुंडी एक, मनी प्लँट एक. यातली गफलत लगेच लक्षात आली असेल, तर तुम्ही नवशिके नाही. तुम्ही पुढचं पान उघडावं.

बाकीच्यांनी वीट बादलीत ठेवून पाणी ओतावं आणि फोनवर बोलायला जाऊ नये. ही वीट फुलून ७०-७५ लिटर भुसा होतो आणि कुंडीत मावतो चार-पाच लिटर. उरलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न घरातलं दुसरं माणूस मोरीच्या दारात उभं राहून विचारेल. त्याचं उत्तर या मार्गदर्शिकेत नाही. एक-दोन कुंड्यांसाठी ६५० ग्रॅमची छोटी वीट मिळते, ती घ्यावी. ‘मोठी स्वस्त पडते’ हे खरं आहे, पण ते लग्नाच्या पातेल्याबद्दलही खरं असतं.

किंमत कोकणातल्या नातेवाइकांना सांगू नये. तिकडे नारळाची सोडणं न्हाणीची चूल पेटवायला जातात. सोडणाचा काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो, तेच आपलं कोकोपीट. केरळ-तमिळनाडूत काथ्याच्या कारखान्यांबाहेर याचे ढीग पडून असत आणि त्यांची विल्हेवाट ही डोकेदुखी होती. आता तोच भुसा दाबून, प्लॅस्टिकात गुंडाळून आपल्या तिसऱ्या मजल्यावर घरपोच येतो.

यानंतर धुणं. ही पायरी सगळे गाळतात, म्हणून इथे थोडं थांबू. सोडणात मुळातच सोडियम आणि पोटॅशियम असतं. त्यात ते खाडीच्या पाण्यात कुजवलेलं असेल तर मीठ आणखी. भुसा जुन्या साडीत किंवा गोणपाटात बांधून पाणी सोडत राहावं. आधी गडद तपकिरी पाणी येतं, मग फिकट. पण पाणी स्वच्छ आलं म्हणजे काम झालं असं नाही. भुशाच्या कणांवर सोडियम-पोटॅशियम लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तसे बसलेले असतात, साध्या पाण्याने उठत नाहीत. तुम्ही खत घातलं की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या जागा घेतं आणि झाड उपाशी राहतं. उपाय : खतांच्या दुकानातून कॅल्शियम नायट्रेट आणून (मोठ्या विटेला साधारण १०० ग्रॅम) पाण्यात विरघळवावं, भुसा रात्रभर त्यात ठेवावा, सकाळी निथळून पुन्हा धुवावा. पाकिटावर ‘बफर्ड’ लिहिलेलं असेल तर यातलं काही न करता झोपावं.

कुंडी भरावी, खाली भोकं असावीत, भुसा दाबू नये. झाड खिडकीपासून दोन-तीन फुटांत ठेवावं. टीव्हीशेजारी ते जास्त शोभतं, पण तिथे नीट वाढत नाही. टोमॅटोचा विचार सोडावा. मेथी पेरली तर आठ-दहा दिवसांत कोवळी कापता येते आणि आत्मविश्वास वाढतो.

आता जेवण. कोकोपीटमध्ये पोषण जवळपास शून्य असतं. मातीत झाड स्वतःची सोय थोडीफार बघून घेतं, इथे सगळी भिस्त तुमच्यावर. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. अधूनमधून कॅल्शियम नायट्रेट, पण वेगळ्या दिवशी. दोन्ही घट्ट करून एकत्र कालवलीत तर तळाशी पांढरा साका बसतो आणि त्या साक्यातलं झाडाला काहीच मिळत नाही. डाळ-तांदळाचं धुवण आणि चहाचा चोथा यांचा मोह आवरावा. झाडाला त्याचा उपयोग कमी, चिलटांना जास्त.

सर्वांत अवघड पायरी पाणी न घालण्याची. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊपट पाणी धरून ठेवतं. वरचा थर मात्र दुपारपर्यंत फिका, कोरडा दिसतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण हळहळतो. सकाळी तुम्ही घालता. दहा वाजता कामाच्या मावशी घालतात, कारण त्यांना वाटतं तुम्ही विसरलात. संध्याकाळी सासूबाई पूजेचं पाणी घालतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. मुळांना हवा मिळेनाशी होते, पानं पिवळी पडतात आणि पिवळी पानं पाहून तिघेही आणखी पाणी घालतात.

म्हणून बोट दोन इंच आत घालून बघावं किंवा सरळ कुंडी उचलावी. हलकी लागली तरच पाणी, आणि घालाल तेव्हा खालच्या भोकांतून थोडं वाहून जाईपर्यंत, म्हणजे साठलेले क्षारही जातील. बशीतलं पाणी ओतून द्यावं. वरच्या थरावर पांढरी पापुद्री दिसली तर आठवडाभर खत बंद, नुसतं पाणी.

गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे चावी देताना ‘झाडांकडे लक्ष ठेवा हं’ असं चुकूनही म्हणू नये. ‘आठवड्यातून एकदा, तेही कुंडी उचलून बघून’ असं सांगावं. काकू फारच प्रेमळ असतील तर झाडाचा विषयच काढू नये. चावी कुरिअरवाल्यासाठी आहे म्हणावं.