कोट्यवधींचे पोशिंदे

निवृत्तीनंतर मनुष्य काय करील याचा अंदाज त्याच्या खात्यावरून बांधता येतो, असे आमचे मत आहे. शिक्षण खात्यातला माणूस वर्तमानपत्रांतील शुद्धलेखनाच्या चुका काढू लागतो, पोलीस खात्यातला सोसायटीच्या फाटकाशी येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी आरंभतो, आणि महसुलातला सख्ख्या भावावर वाटणीचा दावा लावतो. परंतु ज्याची अवघी हयात पाटबंधारे खात्यात पाण्याचे मोजमाप करण्यात गेली, अशा इसमाने उतारवयात मोजावे तरी काय, हा प्रश्न कामशेतहून नाणे मावळाकडे वळले असता लागणाऱ्या वडिवळे गावच्या हद्दीत, धरणाच्या दिशेला तोंड करून बांधलेल्या एका बंगलीत, मोठ्या अनपेक्षित रीतीने सुटलेला आहे. तेथील रावसाहेब जंतू मोजतात.

रावसाहेब म्हणून ज्यांचा येथे उल्लेख होईल, त्यांना शोधत कोणी वडिवळ्यास जाऊ नये. या वृत्तीची माणसे लोणावळ्यापासून वडगावपर्यंत, जेथे जेथे पुण्यामुंबईच्या पेन्शनरांनी चार गुंठे घेऊन आंब्याची दोन कलमे लावली आहेत, तेथे तेथे हटकून भेटतात. यांच्या घरी एक लॅब्रॅडॉर असतो, एक मांजर असते, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी असते, आणि कुत्रा येईल त्याचे हात चाटत असतो. आमच्या रावसाहेबांच्या कुत्र्याचे नाव ब्रूनो, मांजरीचे राणी. पहिल्याच पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, ब्रूनोने कोणाच्या तरी खाचराच्या बांधावरील ताजे शेण यथेच्छ भक्षण केले, आणि पुढले दोन दिवस घरच्या मंडळींना जे भोगावे लागले त्याचे वर्णन सभ्य गद्यात करता येणार नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, उकडलेली कोंबडी व इंद्रायणीचा मऊ भात सांगितला, आणि निघता निघता एक चपटी पुडी हातावर ठेवली. त्या पुडीच्या पाठीवर, चष्मा कपाळावर चढवून वाचावे लागेल इतक्या बारीक टायपात, आत दहा कोटी जिवंत जंतू असल्याचे नमूद केले होते. ज्या गृहस्थाच्या अमलाखाली ऐन भरातसुद्धा तीन शाखा अभियंते, काही कालवा निरीक्षक आणि एक नादुरुस्त जीप यांपलीकडे काही आले नव्हते, त्याच्या ताब्यात एका पुडीनिशी दहा कोटींची प्रजा आली असता त्याचे डोके ठिकाणावर राहावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

विषयाचा अभ्यास त्यांनी खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे, म्हणजे अगदी मुळापासून केला. पाहुण्याने चहाचा कप उचलला की ते १९०५ सालापासून प्रारंभ करतात. त्या साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने आपल्या देशच्या दह्यातला जंतू हुडकून काढला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकोव्ह यांनी, बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी होतात ते या दह्याच्याच बळावर, असा सिद्धान्त मांडला. आणि त्या मेचनिकोव्हांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, येथवर आले की ते थांबून पाहुण्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. ते पारितोषिक दह्याबद्दल नसून शरीराच्या प्रतिकारशक्तीविषयीच्या संशोधनाबद्दल होते, हा तपशील ते लपवून ठेवतात असे नाही. तो ते पाहुणा फाटकाबाहेर पडल्यावर सांगतात.

मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. सामान्य श्वानप्रेमी वेष्टनावरचे हसऱ्या कुत्र्याचे चित्र पाहून पुडी घेतो. रावसाहेब मजकूर पाहून घेतात. नुसतेच ‘लॅक्टोबॅसिलस’ असे लिहिलेले असेल तर दुकानदाराची धडगत नसते, कारण जंतूचे कुळ आणि जात एवढ्याने भागत नाही, वाणाचा क्रमांक हवा: एन्टेरोकॉकस फेसियम असेल तर ज्याचे कुत्र्यामांजरांवर प्रयोग झालेले आहेत तो एसएफ ६८ आहे, की त्याच आडनावाचा कोणी परका? शिवाय छापलेला आकडा कोणत्या तारखेचा? ‘उत्पादनसमयी शंभर कोटी’ आणि ‘मुदत संपेपर्यंत किमान दहा कोटी’ या दोहोंत, रावसाहेबांच्या मते, कालव्याच्या मुखाशी सोडलेले पाणी आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात उतरलेले पाणी यांत असते तेवढे अंतर आहे, आणि टेलचा शेतकरी काय बोलतो ते त्यांनी नोकरीभर स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहे. कॅनडातील संशोधकांनी बाजारातील पंचवीस प्रोबायोटिक, म्हणजे अशाच जिवंत जंतूंची उत्पादने, घेऊन त्यांवरील मजकुराची व आतील ऐवजाची छाननी केली, तिचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही बाबतींत समाधानकारक अशी केवळ दोन निघाली, आणि काहींवर तर जंतूंची नावेदेखील अशुद्ध छापलेली होती. हे वाचले त्या दिवशी रावसाहेब दुपारी झोपले नाहीत.

प्रजा जिवंत असल्यामुळे तिच्या निवाऱ्याची तजवीज ओघानेच आली. मावळच्या पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते आणि काड्यापेटी ओलसर लागते, तेथे पुडीतल्या कोटींची काय कथा! रेफ्रिजरेटरच्या दारातील कप्पा लोण्याकडून काढून जंतूंकडे वर्ग करण्यात आला, व त्याविरुद्ध स्वयंपाकघरातून आलेली तक्रार दफ्तरी दाखल करून घेण्यात आली. पण वादळात तार तुटली की वीज दोन दोन दिवस नाही. सबब रावसाहेबांनी जोडीला बॅसिलस कोअॅग्युलन्सची बीजाणूंच्या रूपातील पूड ठेवली आहे, कारण बीजाणू कठीण कवच धारण करून असतात आणि उष्म्याला किंवा जठरातील आम्लाला फारसे भीक घालत नाहीत. प्रतिजैविक चालू असताना साधी पुडी त्याच्याबरोबर दिली तर ते रोगजंतूंबरोबर पाहुण्या जंतूंचाही निकाल लावते, म्हणून मधे दोन तास जाऊ द्यावेत. सॅकरोमायसीस बुलार्डी हे यीस्ट पडल्यामुळे त्याला ही अट नाही. माणसांच्या गोळ्यांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेले असू शकते आणि ते कुत्र्याला विष होते, म्हणून घरातील स्वतःच्या औषधांच्या डब्याला त्यांनी कुलूप लावले आहे. याबाबत आम्ही त्यांची थट्टा करणार नाही.

परंतु रावसाहेबांचे खरे वैभव पाहायचे तर सकाळी सातला त्यांच्या ओट्यावर जावे. श्वानविष्ठेची एकपासून सातपर्यंत प्रतवारी करण्याचा एक तक्ता आहे. एक म्हणजे खडा, सात म्हणजे निव्वळ पाणी, आणि दोन-तीनच्या आसपास सुखवस्तू प्रकृती. रावसाहेब वेताच्या खुर्चीत रोजकीर्द उघडून बसतात, आणि राखणदार मामा एका हाती छत्री व दुसऱ्या हाती साखळी धरून ब्रूनोच्या मागे आंब्याच्या कलमापर्यंत जातात. क्षणभर निरीक्षण होते. मग पावसाच्या आवाजावर आवाज चढवून मामा पुकारतात:

“साहेब, आज चार!”

“चार की साडेचार? नीट बघून सांगा, मामा.”

“आता साडेचार म्हंजी कसं वळखायचं, साहेब?”

यावर रावसाहेब स्वतः उठतात, पायांत गमबूट घालतात, व जातीने स्थळपाहणी करून पेन्सिलीने ४ असा आकडा घालतात. इरली पांघरून लावणीला निघालेल्या बायकांची समजूत अशी आहे, की बंगल्यावर रोज सकाळी कसला तरी लिलाव चालतो.

राणीचे प्रकरण निराळे. मांजराला हुकूम पाळण्याची सवय नसते, आणि जेवणात काही मिसळले आहे असा नुसता वास आला तरी ते पाठ फिरवून बसते. त्यातून ते दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते, म्हणून आग्रहही बेताने करावा लागतो. प्रारंभी रावसाहेबांनी पूड दुधात कालवून पाहिली. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, त्यामुळे ज्या व्याधीवर औषध द्यायचे तीच नव्याने उद्भवली. नंतर त्यांनी मांसाच्या अर्काची चव दिलेली पूड आणली, आणि आता राणीला त्या चवीची अशी चटक लागली आहे की ती वरची पूड तेवढी चाटून खालचे अन्न तसेच टाकते. त्या जंतूंनी तिचे काय कल्याण केले हे सांगणे कठीण आहे. पुडी फाडल्याचा आवाज मात्र तिला माळ्यावर झोपेत ऐकू येतो.

मामांचे याविषयीचे मत कोणी विचारलेले नव्हते, तरी त्यांनी ते एकदा दिले. “साहेब, एक दीस लंगण करू द्या, मग ताकभात घाला. व्हतंय बरं.” रावसाहेबांनी शांतपणे विचारले, की त्या ताकात जंतू किती आणि कोणत्या वाणाचे? मामांनी सांगितले की ते ताक घरच्या म्हशीचे आहे. येथे दोघेही थोडे थोडे बरोबर होते असे आम्हांस वाटते. दह्याताकातले जंतू पोटात मुक्काम ठोकीत नाहीत; पण पुडीतले तरी बहुधा कोठे ठोकतात? देणे बंद केले की थोड्याच दिवसांत तेही रजा घेतात. आणि गावच्या कुत्र्यांना काही होत नाही, ही मामांची पुस्ती मात्र खरी नव्हे. गावातली पिल्ले पावसाळ्यात पार्व्हो या रोगाने पटापट मरतात, फक्त त्यांची रोजकीर्द कोणी ठेवीत नाही. मामांच्या काळ्या नावाच्या कुत्र्याला लस टोचून आणली ती रावसाहेबांनीच, हेही सांगून टाकावे.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात ब्रूनोचे पोट वारंवार बिघडू लागले, तेव्हा रावसाहेब पुडीची मात्रा दुप्पट करावी काय, या एकाच मुद्द्यावर सल्ला घेण्यासाठी रोजकीर्द काखोटीला मारून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पुडीकडे पाहिले नाही. त्यांनी वही चाळली, आणि चाळता चाळता ते हसू लागले. सहा आणि सात हे आकडे रविवारी रात्री किंवा सोमवारी पडत होते. मंगळवारी पाच, बुधवारी चार, गुरुवारी दोन. पुढच्या रविवारपर्यंत स्वास्थ्य.

“साहेब, शनिवारी-रविवारी आपल्याकडे कोण येतं?”

येत होते ते पाहुणे. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजून, लोणावळ्याची चिक्की घेऊन, गरम कांदाभज्यांच्या आशेने रावसाहेबांच्या ओट्यावर येऊन बसणारे आप्तेष्ट. आणि त्या आप्तेष्टांपैकी प्रत्येकजण, ब्रूनो गुडघ्यावर हनुवटी ठेवून पाहू लागला की, ‘एकानं काय होतंय’ असे म्हणून एक भजे खाली सोडीत असे. डॉक्टर गंभीर झाले. तळण राहू द्या, ते म्हणाले, कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतो, तो पहिल्याने बंद करा. पुडी द्यायची तर द्या, नुकसान नाही; साध्या जुलाबांत पुडीने काही प्रयोगांत एखादा दिवस आधी आराम पडला, काहींत काहीच फरक दिसला नाही. “पण गुरुवारी तो तसाही बराच झाला असता, साहेब. वही मात्र सोडू नका. अशी वही माझ्याकडे कोणी आणत नाही.”

दुसऱ्या कोणाची श्रद्धा येथे डळमळली असती. रावसाहेबांनी पहिले वाक्य ऐकल्याची खूण दाखवली नाही, आणि शेवटचे घरी आल्यावर तीनदा सांगितले. त्याच रात्री एक परिपत्रक निघाले. त्याअन्वये पाहुण्यांनी आगमनसमयी खिशातील खाद्यपदार्थांची नोंद करावयाची, ओट्यावर भजी खाताना दोन्ही हात टेबलाच्या वर ठेवावयाचे, आणि कसूर करणाऱ्यास पुढील रविवारी केवळ चहा मिळावयाचा, असे ठरले. शेणाचा प्रश्न मात्र बंगल्याच्या हद्दीबाहेरील असल्यामुळे प्रलंबित आहे.

पुडीही बंद झालेली नाही. उलट तिच्या उत्पादकांस, आपण वेष्टनावर दिलेला आकडा उत्पादनसमयीचा आहे की मुदतअखेरचा, आणि वडिवळे येथील जुलै महिन्याच्या हवेत तो किती टिकतो, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांचे आत करावा, असे पत्र गेले आहे. उत्तर न आल्यामुळे त्यावर दोन स्मरणपत्रे गेली. तिसरे परवा स्पीड पोस्टाने रवाना झाले; त्याची एक प्रत ब्रूनोच्या संचिकेत लावली आहे, व एक राणीच्या.