खिशातले उपेक्षित

‘तुम्हांला ठाऊक नसलेले दहा भन्नाट गेम’ अशी यादी करणाऱ्याला एकच भीती असते, ती म्हणजे कुणीतरी ते गेम खरोखर खेळेल. मग पुढच्या वर्षी यादीत काय घालायचं? पण भीती फोल आहे. गेली पंधरा वर्षं तीच नावं ‘उपेक्षित’ म्हणून छापून येतात, वाचणारे माना डोलावतात आणि रात्री फोनवर पुन्हा ‘गॉड ऑफ वॉर’ लावतात. यादीवाला खूश, वाचणारा खूश. उपेक्षितांना कोण विचारतो?

तर मीही यादी करणार आहे. सोनीच्या पीएसपीची.

हा कन्सोल डिसेंबर २००४ मध्ये जपानात आला आणि पुढे जगभर आठ कोटींच्या आसपास खपला, म्हणजे यंत्राला बिचारं म्हणायची सोय नाही. ४.३ इंची पडदा बघून तेव्हाच्या मोबाइलवाल्यांचे चेहरे पडायचे. गेम यायचे यूएमडी नावाच्या छोट्या चकतीवर. ती आत घरघरायची, बॅटरी खायची आणि सोनीखेरीज जगात दुसऱ्या कुणी वापरली नाही. एवढं सगळं लोकांनी सोसलं ते एका हौसेपायी, टीव्हीवरचा गेम खिशात मावतो हे चारचौघांत दाखवायला. ‘गॉड ऑफ वॉर’चा क्रेटोस खिशात, जीटीएचं अख्खं शहर खिशात. खिशात मावण्यासाठीच म्हणून जे गेम बनले होते, ते दुकानाच्या फळीवर धूळ खात राहिले.

आपल्याकडे पीएसपी यायचा तो दुबईच्या काकांच्या बॅगेतून. आला की आठवडाभरात कुठल्यातरी दुकानात जाऊन ‘क्रॅक’ होऊन यायचा, आणि मेमरी स्टिकवर दुकानदाराच्या आवडीचे दहा गेम आयुष्यभरासाठी बसायचे. २०१२च्या अखेरीस पीपीएसएसपीपी हा इम्युलेटर आला आणि यंत्राचीही गरज संपली. आज नाशिक-कोल्हापूरच्या कॉलेजातल्या पोरांनी पीएसपी डोळ्यांनी पाहिलेला नसतो, पण त्याचे पाच गेम तोंडपाठ असतात. पाचच. आणि तेही कोणते? टीव्हीवर जे याहून बरे दिसतात ते.

सुरुवात ‘हाफ-मिनिट हिरो’पासून. साल २००९. राक्षसराजाने जग संपवायचा मंत्र म्हटलेला आहे आणि तीस सेकंद उरली आहेत. तेवढ्यात गावात जायचं, तलवार घ्यायची, वाटेत चार राक्षस मारून ताकद वाढवायची, कुणाची तरी नड भागवायची, किल्ल्यात शिरायचं आणि राजाला उडवायचं. वेळ अपुरा पडला तर काळदेवतेच्या मूर्तीपुढे पैसे ठेवायचे, देवी घड्याळ मागे फिरवते. मात्र दर खेपेला तिचा दर वाढतो. (देवस्थानांच्या विश्वस्तांनी हा भाग पाहू नये, उगाच कल्पना सुचतील.) मोहीम फत्ते झाली की श्रेयनामावली वर सरकू लागते, जणू चाळीस तासांचा महागेम संपला. मग पुढची मोहीम, पुन्हा तीस सेकंद, पुन्हा श्रेयनामावली. आपल्या मालिकांत एवढ्या वेळात सासूबाईंची मानसुद्धा पुरती वळत नाही.

हा गेम चालला नाही, कारण तो ज्यांची टिंगल करत होता तेच त्याचे गिऱ्हाईक होते. चाळीस तास खर्च केले की पैसे वसूल, असा या मंडळींचा हिशेब. त्यांना तीस सेकंदांत जग वाचवून दाखवलं की आपल्याला कुणीतरी फसवतंय असं वाटतं. वर चित्रं ठोकळ्याठोकळ्यांची. त्यातले सगळेच भाग चांगले आहेत असंही नाही, राजकन्येचा गोळीबाराचा भाग बेताचाच आहे. पण नायकाचा भाग दादर ते कुर्ला एवढ्या अंतरात दोन-तीन मोहिमा सहज उरकून देतो, आणि तेही उभ्याने.

दुसरा गेम अ‍ॅक्वायर कंपनीचा. याचं इंग्रजी नाव आधी होतं ‘होली इन्व्हेजन ऑफ प्रायव्हसी, बॅडमॅन! व्हॉट डिड आय डू टू डिझर्व्ह धिस?’. पुढे वटवाघूळवाल्या दुसऱ्या मॅनच्या हक्काशी टक्कर नको म्हणून २०१० मध्ये पहिला अर्धा कापला आणि उरलेल्याला शेपूट जोडून ‘व्हॉट डिड आय डू टू डिझर्व्ह धिस, माय लॉर्ड?’ असं केलं. दुकानात जाऊन हे नाव एका दमात मागणारा माणूस अजून जन्माला यायचाय. गेम न खपण्याची बाकी कारणं शोधत बसू नये.

आत मात्र कमाल आहे. इथे तुम्ही नायकाच्या बाजूचे नाहीच. तुमच्या हाती कुदळ आहे, आणि जमिनीखाली लपलेल्या खलनायकाला वाचवायचं आहे. माती खणली की तिच्यातून चिकट गोळे निघतात. ते मातीतला कस इकडून तिकडे नेतात. त्या गोळ्यांना किडे खातात, किड्यांना सरडेमाणसं खातात, आणि ही पोसलेली पलटण तुमच्या मालकाला दोरीने बांधून न्यायला आलेल्या शूरवीरांना खाते. म्हणजे लढाईचा गेम म्हणून घेतलात आणि हाती आली अन्नसाखळी. हावरटासारखं सगळीकडे खणलं तर कस संपतो, गोळे मरतात, वरचे सगळे उपाशी मरतात, आणि खणणाऱ्याचंच राज्य बुडतं. हा गेम काल्पनिक आहे हे इथे लक्षात येतं. आपल्याकडे डोंगर पोखरणाऱ्याचं राज्य बुडाल्याचं कुणी ऐकलंय?

‘एकोक्रोम’ २००८चा. पांढऱ्या पडद्यावर काळ्या रेघांचे जिने आणि कठडे, त्यांवर चालणारं एक लाकडी बाहुलं. बाहुल्याला तुम्ही हात लावत नाही, फक्त सगळी रचना फिरवता. एशरच्या चित्रांतली अशक्य जिनेबाजी इथे कायदा आहे. दोन कठडे एका रेषेत दिसले की ते जोडलेले आहेत. आणि वाटेतला खड्डा एखाद्या खांबाआड लपला, दिसेनासा झाला, तर तो खड्डाच नाही, बाहुलं खुशाल वरून चालत जातं. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या महापालिकांचे अभियंते प्रशिक्षणाला परदेशी जातात म्हणे. तो खर्च वाचवता येईल.

याच जातीचा, पण गोष्ट सांगणारा, सेगाने २००७ मध्ये काढलेला ‘क्रश’. निद्रानाश झालेला डॅनी एका मानसोपचाराच्या यंत्रात बसतो आणि त्याच्या डोक्यातल्या शहरांतून आपण फिरतो. एक बटण दाबलं की सगळी त्रिमिती कागदासारखी चपटी होते, आणि लांबलांबचे दोन चौथरे शेजारी येतात. पुन्हा दाबलं की जग फुगतं, तुम्ही पलीकडे. त्या वर्षी समीक्षकांनी याला डोक्यावर घेतलं, गिऱ्हाइकांनी हात लावला नाही. ही समीक्षकांची ताकद मराठी नाटकवाल्यांना समजावून सांगायला नको.

‘जान द आर्क’ लेव्हल-५ या जपानी कंपनीचा. जोन ऑफ आर्कचीच कथा, फक्त इंग्लंडच्या बालराजाच्या अंगात राक्षस शिरलाय, जोनच्या मनगटावर जादूचं कडं आहे आणि तिच्या फौजेत सिंहाच्या तोंडाचा योद्धा आहे. पटावरची लढाई, एक चाल तुमची, एक त्यांची. घाई नाही, त्यामुळे फोनच्या काचेवरच्या बटणांनीही नीट खेळता येतो. २००६ मध्ये जपानात आला, २००७ मध्ये अमेरिकेत आला, युरोपात तेव्हा आलाच नाही. फ्रान्सची नायिका फ्रान्स सोडून बाकीच्यांनी खेळली. फ्रेंचांनी यावर एक बसही फोडल्याचं ऐकिवात नाही. परदेशी कंपनीने आपल्या एखाद्या ऐतिहासिक पुरुषाच्या सैन्यात सिंहमुखी माणूस घातला असता तर गेम यायच्या आधी मोर्चा आला असता, आणि गेम कुणी खेळला नसता तरी त्याची बंदी सगळ्यांना पाठ झाली असती.

‘पटापॉन’ सांगायलाच हवा, नाहीतर यादीवाल्यांच्या संघटनेतून नाव कापतात. चार बटणं म्हणजे चार ढोल. पटा-पटा-पटा-पॉन वाजवलं की डोळेच डोळे असलेलं सैन्य पुढे चालतं, पॉन-पॉन-पटा-पॉन वाजवलं की भाले फेकतं. ताल चुकला की सैन्य गोंधळून थांबतं, आणि सलग नीट वाजवलं की त्याच्या अंगात येतं. रोलितो या फ्रेंच चित्रकाराच्या काळ्या सावल्या अजून ताज्या दिसतात. ढोल-ताशा पथकात दोन मोसम घालवलेल्या मुलामुलींनी हा हातात घ्यावा, बाकीच्यांची दांडी उडेल. एक सूचना मात्र ऐका. ब्लूटूथचे इअरफोन काढून ठेवा. त्यांतून आवाज किंचित मागून येतो, आणि मग तुम्ही बरोबर वाजवूनही सैन्य तुमच्याकडे संशयाने बघतं. असल्या वरिष्ठांचा अनुभव नोकरीत येतोच, त्यासाठी वेगळा गेम कशाला?

नोकरीचा गेमही आहे, आणि तो माझा लाडका. ‘वर्क टाइम फन’, अमेरिकेत २००६ मध्ये आला. जपानी नावात सरळ ‘बाइतो हेल’ आहे, म्हणजे किरकोळ रोजंदारीचा नरक. कामं कसली? पट्ट्यावरून पेनं येतात, त्यांना टोपणं लावायची. मधूनच एखादं पेन उलटं येतं, तेव्हा टोपणही उलटीकडून. बस. लावत राहा. दुसरं काम कोंबडीच्या पिल्लांत नर कुठला आणि मादी कुठली ते निवडायचं. पगार नाण्यांत, आणि तोही इतका की मोजताना लाज वाटावी. तो घेऊन यंत्रात टाकायचा, हँडल फिरवायचं, आणि आतून एखादी निरुपयोगी वस्तू पडते. क्वचित उपयोगाचीही पडते. नूडल्स शिजल्या की सांगणारं घड्याळ, किंवा पडद्याचीच बॅटरी, अंधारात किल्ली शोधायला.

बहुतेकांनी दहा मिनिटांत हा बंद केला आणि ‘कंटाळवाणा’ असा शेरा मारला. तो विनोद आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. यातलेच कित्येकजण नंतर फोनवर रोज सकाळी उठून पिकं कापू लागले, हजेरीचं बक्षीस चुकू नये म्हणून लग्नाच्या मांडवात बाजूला जाऊन मोबाइल उघडू लागले, आणि त्यासाठी वर पैसे भरू लागले. ‘वर्क टाइम फन’ निदान तुम्हांला मजूर म्हणत तरी होता, आणि मजुरी देत होता.

उपेक्षितांतही वरचे-खालचे असतात. वरच्यांच्या याद्या निघतात. खालच्यांत आपले येतात. २००९च्या सुमारास हैदराबादच्या गेमशास्त्रने पीएसपीवर ‘देसी अड्डा’ आणला. कबड्डी, विटीदांडू, पतंग. पुढे मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्ली क्रिकेटचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणला. परदेशी याद्यांत यांचं नाव नाही हे समजू शकतं, आपल्याही नाही. शिफारस करू का? नाही. विटी बटणाने उडवण्यात राम नाही, आणि काचा न फोडणारं गल्ली क्रिकेट हे गल्ली क्रिकेट नव्हे. पण जगभर विकल्या गेलेल्या जपानी यंत्रावर कुणीतरी विटीदांडू नेला होता, याची निदान एका वाक्यात नोंद असावी. झाली.

आता ‘मिळतील कुठे’. सोनीने २०२१ मध्ये पीएसपी, पीएस३ आणि व्हिटा या तिन्हींची ऑनलाइन दुकानं बंद करायची घोषणा केली. ओरड झाल्यावर दोन वाचली, पीएसपीचं जुलैत गेलं. कंपनीने मोठ्या मनाने सांगितलं की पीएसपीचे गेम पीएस३ आणि व्हिटाच्या दुकानांत मिळत राहतील. म्हणजे एका बंद पडलेल्या यंत्राचे गेम घ्यायला दुसरं बंद पडलेलं यंत्र आणा. नाहीतर जुनी यूएमडी शोधा, आणि ‘उपेक्षित’ असा शिक्का बसलेली असेल तर विकणारा आधी किंमत वाढवतो, मग फोटो पाठवतो. इम्युलेटर वापरणं गैर नाही, पण नेटवरून गेम फुकट उतरवणं चोरी. कंपनी विकत नाही आणि फुकट घेऊही देत नाही. ‘कंपनी’ म्हटल्यावर एवढा समतोल हवाच.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं. २०१०च्या आधी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात सरळ मार्गाने मिळत नव्हते. मग या मंडळींच्या पाठिंब्याने रीतसर अर्ज झाला की ग्रंथालयांनी जपलेले असे गेम अभ्यासकांना घरबसल्या उघडू द्या. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो नाकारला. नकारामागची एक चिंता अशी होती की लोक हे गेम करमणुकीसाठी वापरतील.

पुढच्या अर्जाला त्यांनी ‘वर्क टाइम फन’ जोडावा. टोपणं लावणाऱ्यावर करमणुकीचा आरोप टिकणार नाही.