स्वेच्छेने पत्करलेली त्रिकोणमिती

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुड्यांवर बेतलेल्या ‘सायलेंट हंटर ३’ (२००५) या संगणकीय खेळात टॉर्पेडोचा, म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या बळावर धावणाऱ्या अस्त्राचा, नेम आपोआप धरला जाण्याची सोय आहे. तरीही ती बंद करून सारी आकडेमोड अंगावर घेणाऱ्या खेळाडूंचा एक वर्ग असून, शाळेत गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारेही त्यात असावेत, असे मानण्यास जागा आहे.

टॉर्पेडो जहाजावर नव्हे, तर जहाज थोड्या वेळाने जेथे पोहोचेल त्या, तूर्त निव्वळ पाणी असलेल्या जागेवर सोडावा लागतो. त्यासाठी प्रथम अंतर हवे. पेरिस्कोपमध्ये जहाजाची दोन चित्रे दिसतात. एकाची पाणरेषा दुसऱ्याच्या डोलकाठीच्या टोकाला टेकवली की अंतर मिळते, मात्र डोलकाठीची उंची आधी ठाऊक हवी, उंचीसाठी जहाज ओळखायला हवे, आणि अटलांटिकवरील पावसाळी रात्री सगळी मालवाहू जहाजे सख्खी भावंडे दिसतात. वेग त्यामानाने सोपा: पाणबुडी स्थिर ठेवून जहाजाची लांबी उभ्या रेषेवरून सरकायला लागलेल्या वेळाने भागायची. उरतो तो जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, आणि पाणबुडीकडे येणारी दृष्टिरेषा यांमधला कोन. तो बहुधा नजरेच्या अंदाजाने ठरतो आणि दशांशाच्या आत्मविश्वासाने नोंदवला जातो.

एवढे श्रम झाल्यावर जाणकार सांगतात, की पाणबुडी जहाजाच्या मार्गाशी काटकोनात ठेवून टॉर्पेडो नाकासमोर सोडल्यास अंतराचे महत्त्व जवळजवळ उरत नाही: ४४ नॉटच्या टॉर्पेडोसाठी आठ नॉटचे जहाज सरळ समोर येण्याच्या सुमारे दहा अंश आधी कळ दाबली, की भागते. डोलकाठीवर खर्ची पडलेल्या वेळाबद्दल हे जाणकार सहसा मौन पाळतात.

हजार मीटर कापायला या टॉर्पेडोला सुमारे ४४ सेकंद लागतात, आणि घड्याळ त्यापुढे गेले की इतिहास मदतीला येतो. १९४० च्या नॉर्वे मोहिमेत जर्मन टॉर्पेडो खरोखरच वारंवार निकामी ठरले होते, आणि हा दोष खेळातही चालू ठेवता येतो, त्यामुळे प्रत्येक अपयशाला सप्रमाण कारण मिळते. जहाजाच्या दोनशे मीटर मागून शांतपणे निघून गेलेल्या टॉर्पेडोची स्फोटयंत्रणा मात्र बिघडलेली होती की नाही, हे सिद्ध करणे कठीण जाते.