सहीपुरता विद्यार्थी

बारामती-इंदापूर पट्ट्यात पोरगं पशुसंवर्धनाच्या पदविकेला गेलं, की त्याच दिवशी गावाच्या लेखी ते डॉक्टर होतं. ओळखपत्र अजून हातात पडलेलं नसतं, गमबूट बापाचे असतात, आणि पारावरचा म्हातारा हाक मारतो, “डॉक्टर, आमची म्हस बघून जावा की!” आईसुद्धा शेजारणीला सांगताना ‘आमचे डॉक्टर’ असं आदरार्थी बोलायला लागते. त्याला विद्यार्थी मानणारे उरतात दोघंच: त्याचं कॉलेज आणि 1984चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा. कायद्याने पदविकावाल्याच्या वाट्याला किरकोळ सेवा तेवढ्या ठेवल्यात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. ही देखरेख कागदावर उतरते ती सहीच्या रूपाने. त्यामुळे सही मिळवणं हा या अभ्यासक्रमातला सगळ्यात अवघड विषय, आणि त्याचं पुस्तक नाही.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात जखम धुऊन पट्टी बांधणाऱ्याला ‘व्रणोपचारक’ म्हणतात. इतकं भारदस्त नाव असूनही लोक त्यालाही डॉक्टरच म्हणतात, तो भाग वेगळा.

तर आपला डॉक्टर सकाळी दवाखान्यात हजर होतो. काखेत प्रॅक्टिकलचं जर्नल. त्यात रकाने: पशुपालकाचं नाव, जनावराचं वर्णन, बिल्ला क्रमांक, तक्रार, तापमान, निदान, उपचार आणि शेवटी सही. हा शेवटचा रकाना त्याला रात्री स्वप्नात दिसतो. सही करणारे साहेब लसीकरणाला गेलेले असतात, नाहीतर मीटिंगला, नाहीतर मीटिंगमध्ये लसीकरणाचा आढावा द्यायला. अंगणातल्या खोड्यात कुणाची तरी गाय उभी असते. तिला दगडी झालेली, कास तापलेली, आणि मालक म्हणत असतो, “तुमीच टोचा की डॉक्टर, कशाला थांबायचं?” या क्षणी जो पोरगा हात मागे घेतो आणि साहेबांना फोन लावतो, तो पुढे चांगला निघतो, असं माझं निरीक्षण आहे. गावात मात्र त्याची किंमत त्याच दिवशी उतरते.

केस कधी याव्यात यालाही काही धरबंध नसतो. दिवसभर तो स्टुलावर बसून असतो तेव्हा एक शेळी फिरकत नाही. इंदापूरकडच्या एखाद्या वस्तीवर गाय अडते ती रात्री दोनला. साहेब फोनच्या स्पीकरवर, चुलता बॅटरी धरून, आणि हा कोपरापर्यंत आत हात घालून वासराचा दुमडलेला पाय सरळ करतोय. कालवड जिवंत निघते. म्हातारी त्याच्या हातात चहा देते आणि त्याच्याच खांद्याला हात पुसते. पण जर्नलमध्ये ही केस बसत नाही, कारण देखरेख करणारी व्यक्ती स्थळी हजर नव्हती, फक्त रेंजमध्ये होती. आयुष्यातली सगळ्यात मोठी कामगिरी बिनसहीची राहते.

मग जर्नल भरतं कशाने? तर मागच्या वर्षीच्या जर्नलने. ते वडिलोपार्जित जमिनीसारखं हस्ते परहस्ते चालत आलेलं असतं. त्यातली निमगाव केतकीची गाय दरवर्षी त्याच तारखेला लाळ्या-खुरकुताने लंगडते. सगळ्या गाईंचं तापमान 101.5, मग ती पोटफुगीने पडलेली असो की नुसती माजावर आलेली असो. परीक्षक सगळं खपवून घेतात, पण कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा क्रमांक बारा अंकी असतो आणि नक्कल करताना नेमका एक आकडा गळतो. “काय डॉक्टर, ही गाय एक आकडा कमी खाते का?” असं विचारल्यावर पोरगा जमिनीकडे बघतो. परीक्षकाने मारलेली ही ‘डॉक्टर’ हाक तेवढी त्याला आवडत नाही.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, मेंढ्या पालखीभोवती रिंगण घालतात. सगळं गाव हात जोडून उभं, आणि आपला डॉक्टर मनात मेंढ्यांचे खूर तपासतोय. एवढा कळप, एकही आजारी नाही, याचं त्याला अंमळ वाईटच वाटतं. तरीही तो घरी जाऊन लिहितो: ‘जनावर: मेंढ्या. तक्रार: नाही. उपचार: नाही.’ सहीसाठी नेल्यावर साहेब बराच वेळ कागदाकडे बघतात आणि म्हणतात, “हीच एक नोंद खरी दिसतेय.” आणि खाली सही करतात.

नोंदवही असूच नये, असं मी म्हणणार नाही. ज्याने थर्मामीटरची दोरी एकदाही शेपटीला अडकवली नाही, डाव्या भकाळीवर मूठ ठेवून पोटाची हालचाल मोजली नाही, त्याच्या हाती माझी गाय मी देणार नाही. पण रात्री दोनच्या कालवडीसाठी त्या जर्नलमध्ये एखादं कोरं पान ठेवायला कुणाच्या बापाचं काय जातं?

तोवर तुमच्याकडे एक विनंती. असा एखादा डॉक्टर काखेत वही घेऊन तुमच्या गोठ्यात आला, तर त्याला नुसतं नाव-गाव सांगून वाटेला लावू नका. गाय कधी व्याली, कितीदा उलटली, काल किती दूध दिलं, सगळं खरं सांगा. ताप त्यालाच मोजू द्या. आणि गाय लाथ मारत असेल, तर ते त्याने शेपटी उचलायच्या आधी सांगा.